पार्सलीची दोन पानं

१७ मार्च, रविवार

आज दुल्सेशी पैज लावली. लावली म्हणजे तोंडातून निघून गेली, आणि एकदा निघाल्यावर मागे घेणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून ही वही काढली. शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण होते तेव्हा हिच्यात आठवड्याचा बेत लिहायची. एकतीस वर्षं पोरांना सूप वाढलं, त्यातल्या शेवटच्या वर्षाची ही वही अर्धी कोरी राहिली होती.

झालं असं की पोरगी ब्रागाहून आली आणि आल्या आल्या तिला सिंकखाली लपवलेलं पातेलं सापडलं. तळाचा कोळसा झालेला.

"आई, हे दुसरं."

"तुझ्याकडे कधी काही करपत नाही वाटतं?"

"करपतं. पण मला कळतं तरी."

जानेवारीत आठ दिवस ताप आला होता, तेव्हापासून मी बदललेय असं तिचं म्हणणं. मला ब्रागाला तिच्या सातव्या मजल्यावर नेऊन ठेवायचं तिच्या मनात आहे. तिथल्या खिडक्या वीतभर उघडतात आणि बाहेर कठडा नाही. मी विचारलं, माझे डबे कुठे ठेवायचे? तर म्हणाली, "कसले डबे? बाबा गेल्यापासून तुझ्या खिडकीत पार्सलीची काडी तरी आहे का?"

हे मात्र लागलं. अर्मिंदो गेल्याला दोन वर्षं झाली आणि मी खिडकीत खरंच काही लावलेलं नाही.

मग मी बोलून बसले. म्हटलं, जूनमधल्या सांजांवच्या सणाला ये. बीपासून वाढवलेला मांजेरिको देईन, सणाची ती बारीक पानांची तुळस, गोल आणि घमघमणारी. आणि बाकाल्याव माशाचे वडे करीन, तुझ्या बाबांना आवडायचे तसेच, माझ्या खिडकीतली पार्सली घालून. दोन्हीतलं एक जरी फसलं तर मी आपण होऊन बॅग भरते.

"आणि नाही फसलं तर?"

"तर ब्रागाचं नाव काढायचं नाही."

हात मिळवला तिने. तिचा हात गार होता. थंडीत हातमोजे घालत नाही, लहानपणापासूनची खोड.

२१ मार्च

खिडकीचा कठडा मोजला. दोन हात आणि एक वीत. आमच्या या वस्तीला बेट म्हणतात. पाणी म्हणाल तर सगळ्यांत मिळून एक नळ, बाकी एका बोळात समोरासमोर अकरा घरं, पण पोर्तोत अशा वस्तीला बेटच म्हणायची रीत आहे. ऊन माझ्या बाजूला अकरा ते दोन. तीन तास पुरतात, डबा रोज फिरवला तर.

ऑलिव्ह तेलाचे चार डबे, तळाला खिळ्याने भोकं. पार्सलीचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं होतं, ते फार आळशी असतं. पुदिना वेगळ्या डब्यात एकटा, नाहीतर तो शेजाऱ्याची माती खातो. मांजेरिकोचं बी नुसतं वर भुरभुरायचं, पुरायचं नाही, आणि वरून काच ठेवायची. खतमिश्रित माती नवी आणली. हल्ली मातीलासुद्धा वास नसतो, कारखान्यात करत असतील.

समोरच्या खिडकीतून बेल्मिरो बघत होते. बोळ इतका अरुंद की त्यांनी काठी लांबवली तर माझ्या डब्याला लागते.

"दोना ओलिंदा, गवत लावताय?"

"पार्सली आहे ती."

"तेच म्हटलं मी."

हे गृहस्थ एव्होराकडचे. तिकडे सगळ्यात कोथिंबीर घालतात, पावाच्या सूपातसुद्धा. ढेकणासारख्या वासाचं ते पान पोर्तोतल्या शहाण्या माणसाने घरात आणू नये. एकोणीस वर्षं समोर राहतात, ट्राम चालवायचे, आता नुसत्या टीका चालवतात.

२ एप्रिल

सकाळी कमालच झाली. मी कॉफीची तयारी करत होते तर बेल्मिरो न विचारता घरात घुसले. आधी खिडकी उघडली, मग दार सताड, मग माझ्या शेगडीची कळ पिळली, आणि खाली वाकून सिलिंडरही बंद केला. काडेपेटी माझ्या हातातून काढून घेतली.

"हे काय चाललंय?"

"हवा येऊ दे जरा," म्हणाले. तोंड पांढरंफटक. बहुधा रक्तदाब असावा. बसा म्हटलं तर बसले नाहीत, दारात उभे राहून बोळाकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "पार्सलीची दोन पानं द्या."

पार्सली अजून उगवलीसुद्धा नाही. सांगितलं तसं. "मग उद्या येतो," म्हणाले. वय झालं की माणूस असा होतो.

९ एप्रिल

पार्सली वर आली. मांजेरिकोही आला, टाचणीच्या डोक्याएवढा. काच काढली.

बेल्मिरो आता रोज येतात. सकाळी सातला आणि रात्री नऊला, ट्रामच्या वेळापत्रकासारखे. पार्सलीची दोन पानं पाहिजेत म्हणे. नखाएवढ्या रोपाची दोन पानं म्हणजे झाडच गेलं की! तरी देते, कारण हाकलायला जीभ रेटत नाही. दोन मिनिटं उभे राहतात, इकडे तिकडे बघतात, नाक ओढतात. त्यांना सर्दी आहे. लिंबाचा काढा घ्या म्हणून सांगितलं.

आज जाताना त्यांनी त्यांचा कोथिंबिरीचा डबा माझ्या कठड्यावर ठेवून दिला. त्यांच्या बाजूला ऊन येत नाही. ठेवला तर ठेवला. उजवीकडे त्यांचा, डावीकडे माझा. डबेही एकसारखेच, एकाच दुकानातल्या तेलाचे.

२८ एप्रिल

मांजेरिकोचे शेंडे खुडले. खुडलं की तो रुंद होतो आणि गोल भरतो. पाणी खालच्या बशीत द्यायचं, आणि ऊन उतरल्यावर.

बेल्मिरोंना कोबीचं सूप दिलं. पहिला चमचा घेतला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

"कसं झालंय?"

"समुद्राची आठवण आली."

पण बशी संपवली. नंतर नळावर तीन पेले पाणी प्यायले, मी बघितलं. एव्होराकडच्यांना मीठ सोसत नाही. मला तर ते अळणीच वाटलं होतं. हल्ली मीठही पूर्वीसारखं येत नाही, आणि कॉफीही नाही.

१२ मे

आज बेल्मिरोंना दूध घालून कॉफी दिली. त्यांनी कप नाकाशी नेला आणि सरळ सिंकमध्ये ओतला! मग बाटलीतलं दूधही ओतलं.

"डॉक्टरांनी दूध बंद केलंय मला," म्हणाले.

"तुम्हाला बंद केलंय. माझं का ओतलंत?"

"मोह नको."

मी एवढी चिडले की त्यांना पार्सली दिली नाही. ते न मागताच गेले. संध्याकाळी दारात ताज्या दुधाची बाटली ठेवलेली होती. मोह नको म्हणतात आणि विकत आणतात.

२५ मे

आता खरी काळजी. मांजेरिको झालाय देखणा. हिरवागार, दोन मुठींएवढा, न्हाव्याने कापल्यासारखा गोल. पण वास नाही. मांजेरिकोला नाक लावायचं नसतं, लावलं की सुकतो, हे इथे दात येण्याआधी शिकवतात. तळवा वरून हलकेच फिरवायचा आणि तळवा हुंगायचा. मी रोज हुंगते. तळव्याला साबणाचासुद्धा वास नाही.

बाजारात गेले. जिच्याकडून बी घेतलं होतं तिच्यापुढे डबा आदळला. "हे बी नकली आहे. वास कुठाय?"

तिने हात फिरवला, हुंगला, डोळे मिटले. "काय म्हणताय, ताई? सगळा गाळा दरवळला."

समोर उभं राहून धडधडीत खोटं! आणि मागच्या मासेवाल्यानेही तिच्याच बाजूने मान डोलावली. धंदेवाले सगळे एक. सांजांवला महिना राहिलाय. दुल्से तळवा हुंगेल आणि काहीच येणार नाही. मग सातवा मजला.

रडू आलं थोडं. मग भांडी घासली.

७ जून, शुक्रवार

नीट लिहिते. 

सकाळी पाव भाजायला ठेवला आणि खिडकीशी डबे फिरवत होते. समोरून बेल्मिरो ओरडले, "ओलिंदा, पाव!" मागे वळले तर स्वयंपाकघर धुराने भरलेलं. मी पावापासून दोन पावलांवर उभी होते.

दार लावून घेतलं. टेबलावर एकेक वस्तू मांडली. व्हिनेगर, कॉफी, ठेचलेला लसूण, फरशी पुसायचं ब्लीच, बुटाचं पॉलिश. एकेक नाकाला लावली. ब्लीचने डोळ्यांतून पाणी आलं पण वास नाही. लसूण नाही. कॉफी नाही. एकतीस वर्षं मी झाकण न उघडता सांगायची की भातात काय कमी आहे.

शेवटी मांजेरिको उचलला आणि सरळ नाक खुपसलं त्याच्यात. आयुष्यात पहिल्यांदा. पानं ओठांना लागली, गार होती. बाकी काही नाही.

बी नकली नव्हतं. त्या बाईची माफी मागायला हवी.

८ जून

बेल्मिरो सातला आले. दारातच अडवलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

आधी म्हणाले काय माहीत. मग टोपी काढली. "दोन एप्रिलपासून. कळ अर्धी उघडी राहिली होती. बोळापर्यंत गॅस आला होता आणि तुम्ही हातात काडेपेटी घेऊन उभ्या."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमची पैज लागली होती. मी खिडकीतून ऐकली होती."

"आणि रोजची ती पार्सली?"

"पार्सली मी गाढवालासुद्धा घालणार नाही. घरी बरणी भरून ठेवलीय."

माझा इतका संताप झाला. दोन महिने हा माणूस माझ्या घरात येऊन मला हुंगून जातो आणि मी त्याला सर्दीचा काढा सांगते! म्हटलं, यायचं नाही उद्यापासून. आणि दुल्सेला एक अक्षर कळता कामा नये.

"दुल्सेला सांगणार नाही," म्हणाले. पहिल्या अटीबद्दल काही बोलले नाहीत.

१५ जून

बेल्मिरो घरात येत नाहीत. सातला आणि नऊला दाराबाहेर उभे राहतात, लांब श्वास घेतात, निघून जातात. मी आतून दिवा बंद करून बसते. कळ चार वेळा बघते. भीती वाटते, हे लिहायला हरकत नाही.

नाक खुपसलेला मांजेरिको सुकला नाही. उलट तोच सगळ्यांत तजेलदार. ज्या नाकाला वास येत नाही ते झाडाला नाक वाटलंच नसेल.

सांजांवला दुसरं संकट आहे. लोक लसणाच्या फुलाचे लांब दांडे घेऊन फिरतात आणि दिसेल त्याच्या नाकाखाली घालतात, तीच गंमत. आरशासमोर नाक मुरडण्याचा सराव केला. आधी जरा जास्त होत होतं, शिंक अडकल्यासारखं. आता जमतं.

२२ जून

उद्या दुल्से येणार. मासा दोन दिवस भिजवून खारटपणा काढला, पाणी सहा वेळा बदललं. मीठ घातलं नाही, बाकीचा अंदाज न घेता जुन्या वहीतलं माप लावलं. बटाटे, अंडी, कांदा. पार्सली डावीकडच्या डब्यातली घसघशीत कापून घेतली. कोवळी पानं दिसायला सारखीच, म्हणून डबा कुठला हे मी पक्कं लक्षात ठेवलंय. डावीकडचा माझा.

बेल्मिरोंना दाखवून घ्यावं असं एकदा मनात आलं. नाही विचारलं.

२४ जून, सोमवार

काल पाच वाजता दुल्से आली. बोळात शेगड्या पेटल्या होत्या, सार्डिन भाजत होते, कागदी पताका लावलेल्या. तिने कठड्यावरच्या मांजेरिकोवरून हात फिरवला, तळवा हुंगला आणि थांबली. "आई, अगदी बाबांच्या वेळचा." मला वाटलं, जिंकले.

मग बोळातल्या टेबलावर वडे, बेल्मिरोंसकट सगळं बेट बसलेलं. वरून खरपूस, आतून मऊ, हाताला कळतं तेवढं मला कळतं. दुल्सेने घास घेतला. चावायची थांबली. सावकाश गिळला.

"आई, यात कोथिंबीर आहे."

पोर्तोत! सांजांवच्या दिवशी! बाकाल्यावच्या वड्यात! शेजारच्या बाईने हातातला वडा खाली ठेवला.  डावीकडचाच डबा होता.

बेल्मिरो उभे राहिले. "चूक माझी. ऊन दोघांना सारखं मिळावं म्हणून मी काठीने डबे इकडचे तिकडे करतो. परवा केले, सांगायचं राहिलं."

दुल्से खो खो हसली. "एव्होराच्या माणसाला खिडकी दिली की असंच व्हायचं! पण आई, तू कापताना तुला वास नाही आला?"

"सर्दी झालीय," मी म्हटलं. ती हो म्हणाली, पण बघत राहिली.

मग लसणाचे दांडे सुरू झाले. समोरून कोणी आलं की मी नाक मुरडत होते. चांगलं जमत होतं. एकदा मागून काहीतरी नाकाला लागलं, मऊसं. मी तोंड वेंगाडलं, "छी! लसूण! हटा तिकडे!"

वळले तर दुल्से. हातात लसूण नव्हता. मांजेरिकोत खोचतात ते कागदी फूल होतं.

ती हसली नाही. तिथेच पायरीवर बसली. डोळ्यांत धूर गेला म्हणाली.

"कधीपासून?"

"तापापासून असणार. मला या महिन्यात कळलं."

"आणि गॅस, आई? गॅसचं काय?"

 उत्तर बेल्मिरोंनी दिलं. "गॅस मी बघतो. सकाळी सात, रात्री नऊ. दोन एप्रिलपासून एकही खाडा नाही."

दुल्सेने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, पैज पैज आहे. वडे फसले. बॅग कपाटावर आहे, उंच आहे, तू काढ.

"आज नको," म्हणाली. "आज सांजांव आहे." आणि उरलेले वडे तिने एकटीने खाल्ले, सगळे.

सकाळी कठड्यावर एक जास्तीचा मांजेरिको होता. कागदी फूल, त्याला चिठ्ठीचा झेंडा, रिवाजाप्रमाणे चार ओळी:

हात तुझा अन् नाक माझं,
खिडकीपाशी खिडकी;
पार्सलीसुद्धा खाईन म्हणतो,
रोज दे एक चिमटी.

खिडकी आणि चिमटी हे यमक म्हणायचं असेल तर मी कवयित्री आहे. आणि 'तुझा' कोणाला? एकोणीस वर्षं 'तुम्ही' म्हणणारा माणूस. चिठ्ठी वहीत ठेवलीय.

२८ जून

दुल्से डॉक्टरकडे घेऊन गेली. तापात नाकाची शीर दुखावते म्हणे. वास परत येईल, किंवा येणार नाही. रोज दोनदा चार ओळखीच्या वस्तू हुंगायच्या, त्यांचा वास आठवत. मी पार्सली, पुदिना, मांजेरिको आणि लसूण घेतले.

परत येताना बसमध्ये दुल्सेला म्हटलं, "नाक गेलंय, डोकं नाही. मला माझ्या खिडकीपाशी राहायचंय."

 तीन थांब्यांनंतर तिने अटी सांगितल्या. गॅस जाणार, विजेची शेगडी येणार. छताला धुराची घंटा. दुधावर तारीख बघायची. आणि सप्टेंबरअखेर पुन्हा विचार, तोवर ब्रागाची खोली रिकामी ठेवणार.

घरी आल्यावर तिने समोरच्या खिडकीला विचारलं, "तुम्ही असेच येत राहाल का?"

"मला दोना ओलिंदांनी मनाई केलीय," बेल्मिरो म्हणाले.

दोघं माझ्याकडे बघत बसले. मनाई उठवली. काय करणार?

१९ जुलै

विजेच्या शेगडीवर कांदा नीट परतला जात नाही. चार वस्तू सकाळ-संध्याकाळ हुंगते. काही नाही. बेल्मिरो चव बघतात आणि बोटं दाखवतात, एक बोट म्हणजे मीठ कमी, दोन म्हणजे जास्त. कोबीच्या सूपाला मूठ दाखवली. मूठ म्हणजे बरोबर. वीस वर्षांच्या नव्या स्वयंपाकिणीसारखी खूष झाले.

३० ऑगस्ट

मांजेरिको वाळला. त्याचं आयुष्य वर्षाचंच असतं. बी काढून पाकिटात भरलं, थोडं बाजारातल्या त्या बाईला नेऊन दिलं आणि माफी मागितली. दुल्से दर रविवारी फोनवर विचारते, आलं का काही? नाही म्हणून सांगते. तिचाही आवाज बारीक होतो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी साडेसहा. तोंड धुऊन खिडकी उघडली आणि घाणेरडा वास आला. ढेकणाचा. पहिल्यांदा वाटलं, गादीत शिरले की काय, उद्या सगळं उन्हात घालावं लागणार. गादी उलटीसुद्धा केली.

मग गादी हातात धरून तशीच उभी राहिले.

समोरच्या खिडकीत बेल्मिरो कात्रीने कोथिंबीर कापत होते. पाठ होती माझ्याकडे. गुणगुणत होते.

एवढ्या महिन्यांत पार्सली हुंगली, पुदिना, लसूण. आणि आलं काय तर कोथिंबीर! जमिनीवर बसून रडले, रुमाल हाताशी नाही म्हणून गादीच्या चादरीला डोळे पुसले. मग कठड्यावरच्या त्यांच्या डब्यापाशी जाऊन पुन्हा हुंगलं. आहे. अगदी बारीक, पण आहे. इतकं वाईट इतकं चांगलं कधी वाटलं नव्हतं.

दुल्सेला फोन केला. तिकडे तीही रडली. माझ्यासाठी रिकाम्या ठेवलेल्या खोलीत आता तिचं शिलाईचं यंत्र ठेवणार आहे म्हणाली. मी तिला बजावलं, समोरच्यांना कळता कामा नये.

"का गं?"

"त्यांनी माझ्यापासून दोन महिने लपवलं होतं. मलाही दोन महिने मिळायला हवेत."

सातला दार वाजलं. बेल्मिरो आत आले, टोपी काढली, लांब श्वास घेतला. त्यांच्या बोटांना कोथिंबिरीचा वास होता.

"सगळं ठीक दिसतंय," म्हणाले. "तुला काही?"

"मला काय कळणार?" मी म्हटलं. "तूच नीट हुंग. बस, कॉफी ठेवते."